खानदेशच्या उन्हाळ्यातही न चुकणारे मोशन सेन्सर: घरातले दिवे आपोआप लावण्याची पद्धत

आमचे घर यावल तालुक्यात आहे. पुढची बाजू जुनी, धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची. तिच्या भिंती दीड-दोन हात जाड आहेत. मागे नंतर बांधलेल्या स्लॅबच्या दोन खोल्या आहेत आणि संडास-बाथरूम अंगण ओलांडून पलीकडे आहे. आईला रात्री दोन-तीनदा उठावे लागते. अंधारात बटण चाचपडणे आणि पावसाळ्यात विंचू-सापाच्या भीतीने एकेक पाऊल जपून टाकणे हे तिचे रोजचेच झाले होते, म्हणून तीन वर्षांपूर्वी मी तिच्या वाटेवर बिनतारी मोशन सेन्सर आणि स्मार्ट दिवे बसवले. जानेवारीत केलेली ती मांडणी एप्रिल सरेपर्यंत बिनचूक चालली. मे महिन्यात एका रात्री मात्र आई अंगणाच्या मध्यापर्यंत पोहोचली, तरी दिवा लागला नाही. सेन्सरची बॅटरी भरलेली होती, सिग्नल चांगला होता, ॲपमध्येही कुठे तक्रार दिसत नव्हती. मी सेन्सरसमोरच्या भिंतीवर तळहात ठेवला. रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते, तरी दिवसभर तापलेली ती भिंत माझ्या हाताला ना गरम लागली, ना गार. ती माझ्या अंगाइतकीच कोमट होती, आणि सेन्सर आंधळा होण्याचे कारण नेमके तेच होते.

या विषयावरचे बहुतेक मार्गदर्शन थंड हवेच्या देशांतल्या घरांना समोर ठेवून लिहिलेले असते. त्यातली जोडणीची माहिती चुकीची नसते, परंतु जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या घरात सेन्सर बसवताना सर्वांत आधी ज्याचा विचार करावा लागतो, त्या उष्णतेचा उल्लेख त्यात सहसा नसतो. म्हणून या लेखात मी खरेदी आणि जोडणीच्या आधी सेन्सर माणसाला ओळखतो कसा, हे सांगणार आहे. एकदा ते समजले की तो कुठे, किती उंचीवर आणि कोणत्या तोंडाने लावायचा, हे बरेचसे आपोआप ठरते.

सेन्सरला माणूस कसा दिसतो

घरगुती वापरातले बहुसंख्य मोशन सेन्सर पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) प्रकारचे असतात. ते स्वतः कोणतेही किरण सोडत नाहीत. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण, बाहेर टाकत असते, आणि माणसाच्या शरीरातून निघणाऱ्या या किरणांचा जोर साधारण ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वांत जास्त असतो. सेन्सरच्या आत या किरणांना प्रतिसाद देणारे दोन छोटे भाग असतात आणि ते एकमेकांच्या उलट जोडलेले असतात; दोघांवर सारखीच उष्णता पडली, तर परिणाम शून्य होतो. बाहेरचे दुधी, घुमटाकार भिंग समोरच्या जागेचे अदृश्य पट्टे पाडते. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला, की आधी एका भागावर आणि मग दुसऱ्यावर किरणांचे प्रमाण बदलते, आणि त्या बदलालाच सेन्सर ‘हालचाल’ समजतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की सेन्सरला माणूस दिसत नाही. माणूस आणि त्याच्या मागची भिंत यांच्या तापमानातला फरक तेवढा दिसतो. आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३३ ते ३५ अंश असते. जानेवारीच्या रात्री भिंत १५-१८ अंशांवर असते, तेव्हा माणूस सेन्सरपुढे ठळक उठून दिसतो. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, विटा, माती आणि स्लॅब दिवसभर उष्णता साठवतात, आणि रात्री त्या हळूहळू निवत असताना असा एक काळ येतो की भिंत आणि माणूस जवळजवळ एकाच तापमानाला असतात. त्या वेळी सेन्सरसमोरून माणूस गेला, तरी सेन्सरच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते. गंमत म्हणजे भर दुपारी भिंत ४२ अंशांवर असताना हाच सेन्सर पुन्हा बरा चालतो, कारण तेव्हा माणूस भिंतीपेक्षा गार असतो आणि फरक उलटा असला तरी तो फरकच असतो. अडचण असते ती दोन्ही तापमाने जुळतात त्या दोन-चार तासांची, आणि दुर्दैवाने दिव्याची गरज असते तीही त्याच तासांत.

दुसरी गोष्ट अशी की सेन्सरकडे सरळ चालत येणाऱ्या माणसापेक्षा त्याच्यासमोरून आडवा जाणारा माणूस फार लवकर टिपला जातो, कारण आडवा जाणारा एकामागून एक पट्टे ओलांडतो. हिवाळ्यात हा भेद जाणवत नाही, कारण तेव्हा थोडाही बदल पुरतो. उन्हाळ्यात मात्र सेन्सर चालणार की नाही, हे पुष्कळदा यावरच ठरते.

जागा निवडणे

माझी पहिली चूक जागेची होती. मी सेन्सर बाथरूमच्या दारावर, अंगणाकडे तोंड करून, साडेनऊ फुटांवर लावला होता. आई त्याच्याकडे सरळ चालत येत होती, अंतर सुरुवातीला सात मीटर होते आणि तिच्या मागे दिवसभर पश्चिमेचे ऊन खाल्लेली भिंत होती. तिन्ही गोष्टी सेन्सरच्या विरुद्ध होत्या. आता तोच सेन्सर अंगणाच्या बाजूच्या भिंतीवर, साडेसहा फुटांवर आहे. आई त्याच्यासमोरून आडवी जाते, जास्तीत जास्त अंतर तीन मीटर आहे आणि समोर दुपारनंतर सावलीत असणारी भिंत आहे. सेन्सरची संवेदनशीलता सर्वांत वरच्या पायरीवर ठेवली आहे. एवढ्या बदलाने मे महिन्यातली चूक जवळजवळ संपली.

हाच नियम इतर ठिकाणीही लावावा. सहा ते आठ फुटांची उंची बहुतेक घरांना पुरते. वेष्टनावर पाच किंवा सात मीटरचा पल्ला छापलेला असला, तरी खानदेशात उन्हाळ्यासाठी तो निम्मा धरावा आणि त्याप्रमाणे सेन्सरची संख्या ठरवावी. खरेदी करताना सेन्सरमध्ये तापमानानुसार संवेदनशीलता वाढवण्याची सोय आहे का, हे माहितीपत्रकात पाहावे. पुष्कळ चांगल्या सेन्सरांत ती असते. त्याचबरोबर चालण्यासाठी दिलेली कमाल तापमानाची मर्यादाही वाचावी. ती ४५ अंशच असेल, तर पत्र्याच्या छपराखाली असा सेन्सर लावू नये, कारण तापलेल्या पत्र्याखालची हवा ही मर्यादा सहज ओलांडते आणि बॅटरीचे आयुष्यही कमी होते.

कूलरचा विचार वेगळा करावा लागतो. कूलरचा गार झोत सेन्सरवर किंवा त्याच्या समोरच्या पडद्यावर थेट पडत असेल, तर गार-गरम हवेच्या लाटांमुळे आणि हलणाऱ्या पडद्यामुळे सेन्सर उगाच जागा होतो आणि कोणी नसताना दिवा लागत राहतो. सेन्सर कूलर ज्या भिंतीत बसवला आहे त्याच भिंतीवर, झोताच्या मागे लावला की हा त्रास थांबतो. काचेतून हे अवरक्त किरण आरपार जात नाहीत. त्यामुळे खिडकीच्या आत लावलेला सेन्सर बाहेरच्या ओट्यावरचा माणूस ओळखू शकत नाही.

पालीचा उपद्रव कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. दिव्यापाशी किडे येतात, किड्यांसाठी पाल येते, आणि ती भिंगावरून चालली की इतक्या जवळून तिचा आकार सेन्सरला मोठा वाटतो. आमच्या ओसरीवरचा दिवा रात्रभर लागत-विझत असे, तो पालीमुळे. सेन्सर दिव्यापासून चार-पाच फूट दूर नेल्यावर हा त्रास थांबला. मांजर किंवा कुत्रे फिरत असेल, तर भिंगाच्या खालच्या भागावर ॲल्युमिनियम फॉइलची चिकटपट्टी लावावी. त्यामुळे जमिनीलगतचे पट्टे झाकले जातात आणि उभ्या माणसाचे शिल्लक राहतात.

जिथे पीआयआर पुरत नाही

इतके करूनही काही जागा अशा असतात, की तिथे उष्णतेच्या फरकावर अवलंबून राहू नये. माझ्या मते अशा वाटेसाठी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे दाराचा चुंबकी सेन्सर. त्याचा एक भाग चौकटीवर आणि चुंबकाचा तुकडा दारावर लावतात. दार उघडले की दोघे दूर होतात आणि संदेश जातो. त्याला उन्हाळा-हिवाळा सारखाच. आईच्या खोलीच्या दारावर मी तो लावला आणि ‘रात्री दार उघडले, तर अंगणाचा दिवा लावावा’ असा नियम केला. आता पाऊल बाहेर पडण्याआधीच प्रकाश असतो. उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपतो, तेव्हा जिन्याच्या दारासाठीही हीच युक्ती चालते.

दुसरे साधन म्हणजे रडार सेन्सर, ज्यांना मिलिमीटर वेव्ह किंवा ‘प्रेझेन्स’ सेन्सर म्हणतात. ते २४ किंवा ६० गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतात आणि परत येणाऱ्या लहरींवरून हालचाल ओळखतात. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या श्वासाने होणारी छातीची हालचालही त्यांना कळते. अभ्यासाची खोली, देवघर किंवा भाकरी थापत एका जागी बसायचे स्वयंपाकघर, अशा ठिकाणी पीआयआर ‘कोणी नाही’ असे समजून दिवा घालवतो, तिथे रडार योग्य ठरतो. मात्र त्याचे स्वतःचे दोष आहेत. फिरता पंखा त्याला माणूस वाटू शकतो, प्लायवूडच्या पातळ भिंतीपलीकडचा माणूसही त्याला दिसतो, आणि बहुतेक रडार सेन्सरांना सतत वीज लागत असल्याने जवळ प्लग हवा. पंखा त्याच्या नजरेच्या टप्प्यात येणार नाही असा कोन निवडावा आणि ॲपमध्ये त्याचा पल्ला खोलीच्या लांबीइतकाच ठेवावा.

बाथरूमसाठी दाराचा सेन्सर आणि पीआयआर यांची जोडी करावी. दार बंद झाल्यानंतर आत हालचाल दिसली, म्हणजे माणूस आत आहे. मग दार पुन्हा उघडेपर्यंत, हालचाल दिसो वा न दिसो, दिवा विझवू नये. आंघोळ करताना अचानक अंधार होणे ही म्हाताऱ्या माणसासाठी गैरसोय नसून धोका आहे.

बल्ब बदलावा की बटणामागे रिले बसवावा

स्मार्ट बल्ब बसवणे सोपे असते. आपला नेहमीचा पिनांचा होल्डर म्हणजे बी २२ आणि आट्यांचा म्हणजे ई २७. होल्डरप्रमाणे बल्ब आणला की काम झाले. परंतु स्मार्ट बल्बला सतत वीज लागते. घरातल्या कोणी सवयीने भिंतीवरचे बटण बंद केले, की सेन्सर कितीही चांगला असला तरी दिवा लागत नाही. आमच्याकडे पहिले दोन महिने रोज कोणी ना कोणी बटण बंद करत असे, आणि त्यात त्यांचा काहीच दोष नव्हता. दिवा विझवायला बटण दाबायचे, हेच त्यांनी आयुष्यभर केले आहे.

म्हणून ज्या घरात वडीलधारी माणसे आहेत, तिथे साधा एलईडी बल्ब तसाच ठेवून बोर्डाच्या आत स्मार्ट रिले बसवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. रिले म्हणजे काडेपेटीएवढी डबी. तिच्यामुळे भिंतीवरचे बटण पूर्वीसारखेच चालते आणि सेन्सरच्या संदेशानेही दिवा लागतो. यात एकच अट आहे. बहुतेक रिलेंना बोर्डात न्यूट्रल लागतो आणि जुन्या घरांच्या बोर्डात पुष्कळदा फक्त फेज आणि दिव्याकडे जाणारी वायर एवढेच असते. न्यूट्रलशिवाय चालणारे रिले मिळतात, पण त्यांतून थोडा प्रवाह सतत दिव्यातून वाहत असल्याने कमी वॉटचा एलईडी मिणमिणतो किंवा बंद केल्यावरही किंचित उजळ राहतो. तेव्हा दिव्याशी समांतर एक छोटा कपॅसिटर जोडावा लागतो. हे काम स्वतः करू नये. मेनवरचा एमसीबी पाडून आणि टेस्टरने खात्री करून अनुभवी वायरमननेच ते करावे, आणि त्याच वेळी त्याच्याकडून अर्थिंगही तपासून घ्यावे. जिन्याच्या दिव्याला वर आणि खाली अशी दोन बटणे असतील, तर टू-वे जोडणीला चालणारा रिले हवा, हे खरेदीआधीच त्याला विचारावे.

वीजबिल कमी होईल या आशेने हा खर्च करू नये. ९ वॉटचा दिवा रोज रात्री ११ तास जळला, तर महिन्याला सुमारे ३ युनिट लागतात. सेन्सरमुळे तो रोज एकच तास जळला, तर पाव युनिटभर लागेल. पण स्मार्ट बल्ब बंद असतानाही अर्ध्या वॉटच्या आसपास वीज घेत राहतो, आणि त्याचे महिन्याला एकतृतीयांश युनिट होते. म्हणजे एका दिव्यामागे महिन्याला सव्वादोन-अडीच युनिट वाचतात. अंधारात कोणी पडू नये, हे या खर्चाचे खरे कारण असायला हवे.

बिनतारी जोडणी

सेन्सर वाय-फायचे मिळतात आणि झिगबीचेही. झिगबी ही छोट्या उपकरणांसाठीची बिनतारी पद्धत आहे. बॅटरीवर चालणाऱ्या सेन्सरसाठी मी झिगबीच सुचवेन, कारण त्याला वीज फार कमी लागते आणि एक बटण-सेल वर्ष-दोन वर्षे पुरतो; शिवाय संदेश घरातल्या हबपर्यंतच, म्हणजे सगळी उपकरणे जोडणाऱ्या मधल्या डबीपर्यंतच जातो. मॅटर या सामाईक मानकाची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली, आणि नवा हब घेताना तो मॅटरला चालतो का हे पाहिले, तर पुढे वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकत्र आणणे सोपे जाते. परदेशातून कोणी झेड-वेव्ह या आणखी एका बिनतारी पद्धतीची उपकरणे आणून देत असेल, तर घेऊ नयेत. भारतात त्यासाठी ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा आहे आणि अमेरिका-युरोपातली उपकरणे वेगळ्या वारंवारितेवर चालतात.

नियम इंटरनेटशिवाय, घरातच चालले पाहिजेत, हे मात्र खरेदी करताना आग्रहाने विचारावे. पुष्कळ स्वस्त उपकरणांत सेन्सरचा संदेश आधी दूरच्या सर्व्हरकडे जातो आणि तिथून दिव्याकडे येतो. इंटरनेट बंद पडले की अंगणात अंधार. ज्यांना थोडे तांत्रिक काम करायला आवडते, त्यांनी होम असिस्टंट हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर छोट्या संगणकावर चालवावे आणि त्याला झिगबीचा यूएसबी डोंगल, म्हणजे झिगबीचे संदेश घेणारा-देणारा छोटा तुकडा, जोडावा. डोंगल थेट संगणकात न खोचता तीन-चार फुटांच्या यूएसबी एक्स्टेंशन वायरवर ठेवावा, कारण यूएसबी ३ च्या पोर्टमधून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या झिगबीला त्रास देतो. वाय-फायही त्याच पट्ट्यात आहे. राउटर पहिल्या किंवा सहाव्या चॅनेलवर असेल, तर झिगबीला २५ वा चॅनेल देणे चांगले. हा निर्णय सुरुवातीलाच घ्यावा, नंतर चॅनेल बदलल्यास काही उपकरणे पुन्हा जोडावी लागतात.

धाब्याच्या घरातल्या जाड मातीच्या भिंतींतून सिग्नल फारसा पुढे जात नाही. झिगबीत विजेवर चालणारी उपकरणे इतरांचा संदेश पुढे नेतात, बॅटरीवरची नेत नाहीत. त्यामुळे दोन भागांच्या मधल्या दारापाशी, जिथून दोन्हीकडे मोकळी वाट आहे अशा ठिकाणी, एक स्मार्ट प्लग कायम चालू ठेवावा. या कामासाठी स्मार्ट बल्बवर विसंबू नये. बटण बंद झाले की साखळी तुटते.

नियम कसा लिहावा

ॲप कोणतेही असो, नियमाचे भाग तेच असतात: हालचाल दिसली, बाहेर पुरेसा अंधार आहे, तर दिवा लावावा, ठरलेल्या वेळेपर्यंत पुन्हा हालचाल दिसली नाही, तर विझवावा. अंधार ठरवण्यासाठी घड्याळाची वेळ घालू नये. आपल्याकडे जूनमध्ये सूर्य सात वाजून गेल्यावर मावळतो आणि डिसेंबरच्या सुरुवातीला पावणेसहाच्या सुमारास. ‘सूर्यास्त’ हीच अट निवडली, तर वर्षभर नियमाला हात लावावा लागत नाही. घराच्या आतल्या अंधाऱ्या जागेसाठी, जिथे दुपारीही दिवा लागतो, सेन्सरमधला प्रकाशमापक वापरावा. त्याचा आकडा कुठून आणायचा, याची चिंता करू नये. तुम्हाला स्वतःला दिवा लावावासा वाटतो त्या क्षणी ॲपमध्ये किती लक्स (उजेडाचे माप) दिसतात ते पाहावे आणि तोच आकडा भरावा. मात्र ही अट फक्त लावण्यासाठी ठेवावी. विझवण्यासाठीही ती ठेवली, तर दिवा लागताच सेन्सरला उजेड दिसतो, तो दिवा घालवतो, पुन्हा अंधार होतो आणि पुन्हा लावतो.

विझवण्याची वेळ ठरवताना घाई करू नये. वाटेवर तीन मिनिटे, स्वयंपाकघरात दहा आणि जिन्यावर दोन मिनिटे आमच्याकडे योग्य ठरली. बॅटरीवरचे काही सेन्सर एकदा हालचाल कळवल्यानंतर बॅटरी वाचवण्यासाठी सुमारे मिनिटभर गप्प राहतात. अशा सेन्सरला तीस सेकंदांची वेळ दिली, तर माणूस समोर असूनही दिवा विझतो. प्रत्येक नव्या हालचालीबरोबर मोजणी पहिल्यापासून सुरू व्हावी, अशी सोय नियमात असते; होम असिस्टंटमध्ये त्यासाठी नियम ‘रीस्टार्ट’ पद्धतीवर ठेवावा लागतो.

दोन सवलती नियमात नक्की ठेवाव्यात. रात्री अकरा ते पहाटे पाचपर्यंत दिवा पूर्ण तेजाने न लागता पिवळसर रंगात, पंधरा-वीस टक्क्यांवर लागावा, म्हणजे झोपेतून उठलेल्या माणसाचे डोळे दिपत नाहीत. त्यासाठी मंद होणारा बल्ब किंवा डिमर लागतो. साध्या रिलेवर मी रात्रीसाठी वेगळा अर्ध्या वॉटचा दिवा जोडला आहे. दुसरी सवलत अशी की कोणी हाताने बटण दाबून दिवा लावला असेल, तर सेन्सरने तो विझवू नये. घरातल्या माणसांचा या व्यवस्थेवर विश्वास बसतो तो याच एका नियमाने.

लाइट जाते आणि येते तेव्हा

रात्री लाइट गेली आणि दोन वाजता परत आली, की बरेच स्मार्ट बल्ब पूर्ण तेजाने आपोआप लागतात आणि सगळे घर जागे होते. कारखान्यातून ते तसेच ठरवून आलेले असतात, म्हणजे ॲप बंद असले तरी बटण बंद-चालू करून दिवा लावता यावा. बल्बच्या सेटिंगमध्ये वीज आल्यानंतरची अवस्था निवडता येते. तिथे ‘आधी जशी होती तशी’ हा पर्याय ठेवावा. ही सोय नसलेला बल्ब आमच्या भागासाठी घेऊ नये.

हब आणि राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावेत. इन्व्हर्टर वीज बदलून घेताना क्षणभर खंड पडतो आणि तेवढ्यात राउटर पुन्हा सुरू होऊ लागतो. त्यासाठी राउटरला बारा व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस लावला की तो अखंड चालतो. छोटा संगणक मेमरी कार्डवर चालत असेल, तर वारंवार वीज जाण्याने ते कार्ड खराब होते. माझे दोनदा झाले, तेव्हापासून मी एसएसडी वापरतो आणि सगळ्या नियमांची प्रत दर आठवड्याला वेगळी साठवतो. अंगणातला आणि जिन्यावरचा दिवाही इन्व्हर्टरवर असावा, कारण लाइट गेल्यावरच अंधार सर्वांत दाट असतो.

उन्हाळ्याआधीची तपासणी

आमच्या घरी ही तपासणी आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आठवडाभर आधी होते. तोवर भिंती तापायला लागलेल्या असतात, आणि सणाला माहेरवाशिणी लेकरांसह येणार असल्याने घर भरणार असते. रात्री दहाच्या सुमारास, भिंत हाताला कोमट लागत असताना, आईच्या चालीने प्रत्येक वाट चालून पाहावी. भराभर चालून घेतलेली चाचणी फसवी असते. ज्या पावलावर दिवा लागतो, तिथे खडूने खूण करावी आणि ती खूण पहिल्या पायरीच्या पुढे गेलेली दिसली, तर सेन्सर जवळ आणावा किंवा दाराच्या सेन्सरची जोड द्यावी. चैत्रातल्या वाऱ्याने बसलेली धूळ आणि कोळ्याची जाळी कोरड्या मऊ फडक्याने पुसावीत. ओले फडके भिंगावर डाग सोडते. सीआर २०३२ सेल घड्याळवाल्याकडे सहज मिळतो, पण सीआर २४५० साठी मला दरवेळी जळगावला जावे लागले, म्हणून त्याचे दोन सेल घरात जादा ठेवतो आणि बदलल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून सेन्सरच्या पाठीवर लावतो.

पाहुणे असताना ओसरीवर आणि मधल्या खोलीत माणसे झोपलेली असतात. कूस बदलली तरी दिवा लागू नये म्हणून या दोन ठिकाणचे नियम एका बटणाने थांबवण्याची सोय मी केली आहे, आणि ते बटण आईच्या खोलीबाहेर, तिच्या हाताला येईल अशा उंचीवर लावले आहे. अंगणाचा आणि बाथरूमचा नियम त्या बटणाला जोडलेला नाही.